राष्ट्रपती निवडताना तुमच्या आमदाराचं मत किती वजनाचं?

विधानसभेच्या निवडणुकीत मतदान केंद्रात शिरताना आपल्या मनात पाणी असतं, रस्ता असतो, पक्ष असतो, उमेदवाराचं गावाशी असलेलं नातं असतं. राष्ट्रपतिपद तेव्हा कुणाच्याच मनात नसतं. तरी त्याच बटणाने आपण राष्ट्रपतीचा एक मतदारही निवडून पाठवत असतो. निवडून आलेला आमदार पुढे राष्ट्रपतिपदासाठी मत देतो आणि त्याचं मत एक म्हणून मोजलं जात नाही. महाराष्ट्राच्या आमदाराचं एक मत १७५ धरलं जातं, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, गोव्याच्या आमदाराचं २० आणि सिक्कीमच्या आमदाराचं ७.

हा भेदभाव वाटतो, आणि दर पाच वर्षांनी निवडणूक आली की तसा आरोप करणारे संदेश फिरू लागतात. मला वाटतं, हे गणित एकदा शांतपणे मांडून पाहायला हवं. त्यात अन्याय आहेच, पण लोक जिथे बोट ठेवतात तिथे तो नाही.

मत कोणाला आहे, कोणाला नाही

संविधानाच्या अनुच्छेद ५४ नुसार राष्ट्रपतीची निवड एक निर्वाचक मंडळ करतं. त्यात लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य असतात. १९९२ च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीने दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या आमदारांनाही यात जागा मिळाली.

यातला ‘निवडून आलेले’ हा शब्द फार काटेकोर आहे. राष्ट्रपती ज्यांची नेमणूक करतात त्या राज्यसभा सदस्यांना राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत नसतं. म्हणून २००२ मध्ये लता मंगेशकर आणि २०१२ व २०१७ मध्ये सचिन तेंडुलकर राज्यसभेत असूनही मतदार नव्हते. विधान परिषदेचे सदस्यही मतदार नसतात. एखादा मुख्यमंत्री विधानसभेऐवजी विधान परिषदेवर असेल, तर त्याच्या पक्षाचे सगळे आमदार रांगेत उभे राहतात आणि तो स्वतः मत देऊ शकत नाही.

मग थेट आपणच का निवडत नाही?

संविधान सभेत हा प्रश्न गंभीरपणे चर्चेला आला होता. के. टी. शाह यांच्यासारखे सदस्य थेट निवडणुकीच्या बाजूने होते. त्याला दोन उत्तरं मिळाली. एक व्यवहाराचं होतं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच मतदारांची संख्या १७ कोटींच्या वर गेली, आणि एका औपचारिक पदासाठी एवढा व्याप पुन्हा उभा करायचा का, असा तो मुद्दा होता. दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे सत्ता मंत्रिमंडळाची आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. कोट्यवधी लोकांनी थेट निवडून दिलेला माणूस राष्ट्रपती भवनात बसला, तर तो उद्या पंतप्रधानांना म्हणेल, ‘मला तर सगळ्या देशाने निवडलंय, तुम्हाला एका मतदारसंघाने.’ एवढा जनादेश द्यायचा आणि हाती अधिकार मात्र द्यायचे नाहीत, यात दोन सत्ताकेंद्रांचं भांडण आयतं पेरलं गेलं असतं.

मग संसदेनेच निवडायला काय हरकत होती? त्यालाही नेहरूंचं उत्तर होतं. संसदेत ज्या पक्षाचं बहुमत त्याचंच मंत्रिमंडळ. राष्ट्रपतीही फक्त संसदेने निवडला, तर तो त्याच बहुमताची दुसरी सावली होईल. म्हणून राज्यांच्या विधानसभांना आत घेतलं. केंद्रात एका पक्षाची लाट असली तरी राज्यांत चित्र वेगळं असू शकतं, आणि राष्ट्रपती त्या दोन्ही चित्रांतून निवडून यावा अशी ही रचना आहे.

हे पद शोभेचं आहे असं म्हणणाऱ्यांना १९७९ आणि १९९६ ही वर्षं आठवून बघायला सांगावंसं वाटतं. लोकसभेत स्पष्ट बहुमत नसताना सरकार बनवायला कोणाला बोलवायचं, हा निर्णय राष्ट्रपतीचा असतो. १९७९ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी चरणसिंगांना बोलावलं, १९९६ मध्ये शंकरदयाळ शर्मा यांनी वाजपेयींना. असा प्रसंग वर्षानुवर्षं येत नाही, पण येतो तेव्हा तिथे कोण बसलंय याला फार महत्त्व येतं.

१७५ हा आकडा येतो कुठून

अनुच्छेद ५५ दोन गोष्टी मागतो. राज्याराज्यांत मोजमाप एकसारखं असावं, आणि सगळी राज्यं मिळून जेवढं वजन होईल तेवढंच संसदेचं असावं.

पहिल्या गोष्टीसाठी साधा भागाकार आहे. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला विधानसभेच्या निवडून येणाऱ्या जागांनी भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा १,००० ने भागायचं. महाराष्ट्राचं करून बघू. सूत्रातली लोकसंख्या ५,०४,१२,२३५ आणि जागा २८८. भागाकार येतो साधारण १,७५,०४२. त्याला हजाराने भागलं की १७५. बाकी पाचशे किंवा त्याहून जास्त उरली तर एक मत वाढतं. इथे ती ४२ आहे, म्हणून वाढत नाही. २८८ आमदारांचे मिळून ५०,४०० होतात.

आता सिक्कीम. लोकसंख्या २,०९,८४३, जागा ३२. प्रत्येक आमदारामागे सुमारे ६,५५८ माणसं. हजाराने भागून ६, बाकी पाचशेच्या वर, म्हणून ७. सगळ्या सिक्कीमचे २२४.

आता राज्याच्या लोकसंख्येला त्याच्या एकूण मतमूल्याने भागा. महाराष्ट्रात हजार माणसांमागे एक, उत्तर प्रदेशातही हजारामागे एक, सिक्कीममध्येही जवळपास तेवढंच, उलट अपूर्णांक वर गेल्यामुळे सिक्कीमला किंचित जास्तच. म्हणजे १७५ आणि ७ यांतली तफावत माणसांच्या किमतीतली नाही. सिक्कीमचा आमदार साडेसहा हजार लोकांच्या वतीने बोलतो, महाराष्ट्राचा पावणेदोन लाखांच्या. सगळ्या आमदारांना एकच मत दिलं असतं, तर सिक्कीमच्या एका माणसाला महाराष्ट्रातल्या जवळपास सत्तावीस माणसांइतकी किंमत आली असती. अन्याय तेव्हा झाला असता.

दुसरी गोष्ट तराजूसारखी आहे. एका पारड्यात सगळ्या विधानसभा, दुसऱ्यात संसद. सर्व आमदारांच्या मतमूल्याची बेरीज करायची आणि तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचं. २०२२ मध्ये ही बेरीज ५,४३,२३१ होती आणि खासदार ७७६, म्हणजे लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २३३. एका खासदाराचं मत ७०० झालं. २०१७ मध्ये ते ७०८ होतं. मधल्या काळात जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती, तिकडची बेरीज कमी झाली आणि त्याबरोबर देशातल्या प्रत्येक खासदाराचं मत आठने हलकं झालं.

एखादी विधानसभा नसली म्हणून निवडणूक थांबत नाही. १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा विसर्जित होती, तरी निवडणूक झाली. निर्वाचक मंडळात जागा रिकाम्या आहेत या कारणावरून निवडणुकीला आव्हान देता येत नाही, असं संविधानातच लिहिलेलं आहे.

खासदार आणि आमदार धरून २०२२ ला एकूण मतमूल्य १०,८६,४३१ झालं. त्यात महाराष्ट्राच्या आमदारांचे ५०,४०० आणि ६७ खासदारांचे ४६,९००, म्हणजे एकूण सुमारे नऊ टक्के. दिल्लीतले नेते राष्ट्रपतिपदाची जुळवाजुळव करायला लागले की मुंबईला इतके फोन का येतात, ते या आकड्यात आहे.

पसंतीचे आकडे, आणि १९६९

मतपत्रिकेवर दोनच रकाने असतात. एकात उमेदवाराचं नाव, दुसरा पसंतीचा क्रम लिहायला मोकळा. पक्षाचं चिन्ह कुठेच नसतं. खासदारांची पत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. शिक्का मारायचा नाही, यंत्राचं बटण दाबायचं नाही. नावासमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे, तेही निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच. आकडा मराठीत लिहिला तरी चालतो, पण ‘एक’ असं अक्षरात लिहिलं तर मत बाद. पहिली पसंती लिहिणं सक्तीचं आहे, पुढच्या ऐच्छिक.

जिंकण्यासाठी नुसतं सर्वांत पुढे असून भागत नाही. वैध मतांच्या मूल्याची निम्मी अधिक एक, हा कोटा गाठावा लागतो. पहिल्या पसंतीत कोणी तो गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो. त्याच्या पत्रिका पुन्हा उघडून त्यांवरच्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांना वाटल्या जातात. वजन बदलत नाही. २०८ ची पत्रिका दुसऱ्याकडे जातानाही २०८ च राहते. कोणीतरी कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उमेदवार उरेपर्यंत हे चालतं.

बहुतेक वेळा याची गरज पडत नाही. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मूल्याची मतं पडली. पहिल्याच मोजणीत विषय संपला. पण १९६९ ची निवडणूक अशी झाली की ही पद्धत शिकायला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं पदावर असताना निधन झालं. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना अधिकृत उमेदवार केलं. पक्षातल्या जुन्या नेत्यांची ही निवड पंतप्रधान इंदिरा गांधींना मनापासून मान्य नव्हती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुखांना पाठिंबा दिला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून देणारे हेच ते सी. डी. देशमुख.

खरी लढाई तिघांची होती, त्यामुळे दुसऱ्या पसंतीला सोन्याचा भाव आला. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा स्वतंत्र पक्षाच्या आणि जनसंघाच्या नेत्यांना भेटले. देशमुखांच्या मतदारांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी, अशी विनंती होती. इंदिरा गांधींनी नेमक्या याच भेटीगाठींवर बोट ठेवलं आणि काँग्रेसच्या खासदार-आमदारांनी आपल्या विवेकाला पटेल तसं मतदान करावं, असं आवाहन पुढे आलं. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हे शब्द तेव्हापासून आपल्या राजकारणात रुळले.

पहिल्या पसंतीची मोजणी अशी झाली: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोटा होता ४,१८,१६९. गिरी पुढे, पण कोट्याच्या आत. मग एकेक उमेदवार बाद होत गेला, शेवटी देशमुखही. या सगळ्यांच्या पत्रिका फिरल्या, तशी रेड्डींच्या खात्यात तब्बल ९१,८७९ ची भर पडली. गिरींच्या खात्यात फक्त १८,५६२ ची. म्हणजे दुसऱ्या पसंतीचा डाव रेड्डींच्या बाजूने जवळजवळ पाचपट यशस्वी झाला होता. तरी शेवटचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा लागला. कोट्यापेक्षा गिरींकडे १,९०८ जास्त होते. आजच्या हिशेबात उत्तर प्रदेशच्या दहा आमदारांचं वजनही याहून थोडं जास्त भरतं. हे आकडे मी अनेकदा पाहिले आहेत आणि दर वेळी त्यातल्या चुरशीने थक्क होतो. त्याच वर्षी काँग्रेस फुटली.

रेड्डी पुढे १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. तेव्हा ३७ अर्ज आले होते आणि ३६ बाद ठरले. अर्जांची एवढी गाळणी लागायलाही कारण होतं. १९६७ मध्ये १७ जण उभे होते आणि त्यांतल्या नऊ जणांना शून्य मतं पडली होती. म्हणून १९७४ मध्ये दहा सूचक आणि दहा अनुमोदकांची अट आली, आणि १९९७ मध्ये ती पन्नास-पन्नासवर गेली. हे शंभर जण निर्वाचक मंडळातलेच हवेत.

पक्ष काय सांगतो, हात काय लिहितो

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षाला व्हिप, म्हणजे अमुकलाच मत द्या असा बंधनकारक आदेश, काढता येत नाही. मतदान गुप्त असतं. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. इथे ती कुणालाही दाखवायची नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून पक्षांतरबंदी कायद्याखाली पद जात नाही.

महाराष्ट्राला याचा ठळक अनुभव २००७ चा. शिवसेना भाजपबरोबर होती आणि त्यांच्या आघाडीचा पाठिंबा भैरोसिंह शेखावतांना होता. शिवसेनेने प्रतिभाताई पाटलांना मत दिलं, मराठी व्यक्ती राष्ट्रपती होतेय म्हणून. २०१२ मध्येही शिवसेनेचं मत आघाडीबाहेर, प्रणव मुखर्जींना गेलं. पक्षांनी उघडपणे ठरवून केलेल्या या गोष्टी. त्याखेरीज प्रत्येक निवडणुकीत काही मतं गुपचूप इकडची तिकडे जातात आणि ती कोणाची होती हे कधीच कळत नाही. मला ही मोकळीक मोलाची वाटते. पाच वर्षांत लोकप्रतिनिधीला पक्षाच्या दोरीशिवाय हात उचलता येईल असे प्रसंग बोटावर मोजण्याइतके आहेत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२२ मध्ये ५३ मतं बाद झाली आणि त्यांत १५ खासदारांची होती. कायदे करणाऱ्या माणसाला नावासमोर एक आकडा नीट लिहिता येऊ नये आणि त्यापायी प्रत्येकी सातशेचं वजन वाया जावं, याचा मला खरोखर राग येतो. त्या सातशेच्या मागे लाखो लोक उभे असतात.

मतदान झालं की राज्यांच्या राजधान्यांतून मतपेट्या दिल्लीला नेल्या जातात. पेटी विमानाच्या पोटात सामानाबरोबर टाकत नाहीत, अधिकाऱ्याशेजारच्या आसनावर तिची स्वतःची जागा असते. २०२२ मध्ये तर तिकिटावर प्रवाशाचं नाव ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ असं होतं.

१९७१ मध्ये थांबलेलं घड्याळ

आता अन्याय खरा कुठे आहे ते. महाराष्ट्राची लोकसंख्या वर ५,०४,१२,२३५ दिली, तेव्हा तुम्ही थबकला असाल. हा आकडा १९७१ च्या जनगणनेचा आहे. आजही तोच वापरतात. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसंख्या तिथे गोठवली, आणि २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. कारण साधं होतं. केंद्र सरकार सांगत होतं, कुटुंब लहान ठेवा. ज्या राज्यांनी ऐकलं त्यांचंच राजकीय वजन घटलं, तर ऐकायचं कोणी?

पण मधल्या काळात माणसं वाढली, आणि सगळीकडे सारखी वाढली नाहीत. आजच्या हिशेबात केरळच्या आमदाराचं मत १५२ आणि राजस्थानच्या आमदाराचं १२९. हाच भागाकार २०११ च्या जनगणनेने केला तर केरळ २३९ वर जातं आणि राजस्थान ३४३ वर. क्रमच उलटा होतो. उत्तर प्रदेश २०८ वरून ४९६, तमिळनाडू १७६ वरून ३०८, महाराष्ट्र १७५ वरून ३९०. सगळेच आकडे वाढतात, म्हणून वाटा बघायला हवा. राज्यांच्या एकूण मतमूल्यात केरळचा वाटा सुमारे ३.९ टक्के आहे, तो २.८ च्या आसपास येईल. राजस्थानचा पावणेपाचवरून पावणेसहाकडे जाईल. महाराष्ट्राचा वाटा जवळपास आहे तिथेच राहतो.

म्हणजे आज राजस्थानात जन्मलेल्या मुलीचं वजन केरळच्या मुलीपेक्षा कमी धरलं जातंय, आणि ते दुरुस्त करायला गेलं तर केरळच्या आयांनी पन्नास वर्षांत जे केलं त्याची शिक्षा त्यांच्या राज्याला होते. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. माझं मत विचाराल तर, राष्ट्रपतिपदापुरतं तरी ताज्या जनगणनेकडे जायला हवं. या निवडणुकीत निधीवाटप नाही, कायदे करणं नाही. राज्यांच्या वाट्याच्या लोकसभेच्या जागाही अशाच गोठवलेल्या आहेत. तो प्रश्न खूप जास्त नाजूक आहे आणि त्याची भीती या भागाकाराला चिकटवून ठेवण्याचं कारण मला दिसत नाही. अर्थात संविधानात दोन्ही गाठी एकाच वर्षाला बांधलेल्या आहेत.

मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते आणि नवी निवडणूक त्याआधी पूर्ण व्हावी लागते. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. संविधानाला जनगणना सुरू होणं पुरत नाही, तिचे आकडे प्रसिद्ध व्हावे लागतात. ते निवडणुकीआधी हाती आले नाहीत, तर २०२७ मध्येही महाराष्ट्राच्या आमदाराची गुलाबी पत्रिका १७५ चीच असेल.